सात नंबरची खोली : मुक्कामाला येण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरणगाव तालुक्यातला आमचा हा बंगला शंभर वर्षांहून जुना. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडकला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. घराण्याकडे पहिला पैसा तेव्हा आला म्हणतात. पुढे जिनिंग झालं, मग बंगला, मग जिनिंग गेलं आणि बंगला उरला. आता नऊ खोल्यांचं लॉज चालवतो. दोन वर्षांपूर्वी एका व्हिडिओवाल्याने इथे एक रात्र काढली, आणि तेव्हापासून फोन वाजतो तो खोलीसाठी कमी, भुतासाठी जास्त. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

एका शब्दात सांगा, भूत आहे का?

एका शब्दात नाही सांगता येणार. मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो; मला आजवर काही दिसलेलं नाही. आमचे रखवालदार बाबा गेली तीस वर्षं रात्रपाळी करतात. त्यांना विचाराल तर बिडी विझवून म्हणतील, "भूत नई रे भो, उंदरं शेतस." माझी बायको मात्र दिवेलागणीला मागच्या जिन्यापाशी एकटी थांबत नाही, आणि ती शाळेत गणित शिकवते. पाहुण्यांना आवाज ऐकू येतात, हे खरं आहे. मलाही येतात. ते कशाचे, याचा शोध घ्यायला तुम्ही येताय, तर तो नीट घ्या, एवढीच अपेक्षा.

सात नंबरची गोष्ट नेमकी काय आहे?

व्हिडिओतली गोष्ट अशी : या घरातल्या सुनेला सासरच्यांनी सात नंबरमध्ये कोंडून मारलं, आणि ती पांढऱ्या लुगड्यात, पायात पैंजण घालून रात्री फिरते. ही गोष्ट व्हिडिओ येण्याआधी गावात कुणी ऐकलेली नव्हती. मारलेली सून नाही, तिचं नाव नाही, साल नाही. मी त्या मुलाला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "काका, स्टोरी लागतेच ना."

खरी गोष्ट सांगतो. ती खोली माझ्या आजोबांच्या बहिणीची, म्हणजे आमच्या आत्याआजीची. लग्न लहानपणी झालं, कळायला लागायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. पुढची साठेक वर्षं तिने पांढऱ्या पातळात, त्या एका खोलीत काढली. घराच्या धान्याचा, दुधाचा, मजुरांच्या चहाचा हिशेब तिच्याकडे. कोठीच्या किल्ल्या कमरेला. म्हातारी होऊन, अंथरुणावर, सगळ्या नातवंडांना नावं ठेवत गेली. पैंजण तिने जन्मात पुन्हा घातले नसतील. तो काळच तसा होता. पांढरं लुगडं तेवढं खरं, बाकी सगळं त्या व्हिडिओवाल्याचं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. त्यात एवढंच की ज्या बाईने हयातभर कुणाला उपाशी झोपू दिलं नाही, तिच्या खोलीच्या दाराशी उभं राहून लोक आता "बाहेर ये, हिंमत असेल तर" असं ओरडतात. मागे एका पाहुण्याने सुचवलं की बालकवींचा जन्म धरणगावचा, १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनात रेल्वेखाली गेले, तर त्यांचंच नाव लावा की, पर्यटक येतील! त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग शोध घ्यायला परवानगी कशाला देता?

कारण लोकांना अंधारात एकत्र बसायला आवडतं, आणि मलाही आवडतं. लहानपणी लोडशेडिंगमध्ये गच्चीवर आम्ही दुसरं काय करायचो? पिंपळावरचा मुंजा, विहिरीतल्या साती आसरा, शेतातून घरी येताना रात्रभर एकाच बांधाभोवती फिरवणारा चकवा, हे सगळं ऐकत मोठे झालो. भीतीची गोष्ट सांगायला माझी हरकत नाही. खोटी हत्या रचून कुणाच्या घराला चिकटवू नये.

रात्रीच्या शोधाची व्यवस्था कशी असते?

एका वेळी सहाच जण. रात्री दहा ते पहाटे पाच. सात नंबर, मागचा जिना, जुनी कोठी आणि गच्ची खुली. बाकी खोल्यांत माणसं झोपलेली असतात, त्यांना उठवायचं नाही. दर खोलीचाच लागतो, भुताचे वेगळे पैसे नाहीत. दारू चालणार नाही. तिसऱ्या पेल्यानंतर सगळ्यांनाच सगळं दिसतं.

कोणती उपकरणं आणावीत?

वही, पेन, घड्याळ, टॉर्च. हे चार आणलेत तर निम्मं काम झालं. तरी लोक बॅग भरून यंत्रं आणतात, म्हणून एकेकाचं सांगतो.

ईएमएफ मीटर : हा विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतो. इलेक्ट्रिशियन लोकांचं साधन आहे. सात नंबरच्या पूर्वेच्या भिंतीजवळ नेला की त्याचे दिवे लाल होतात आणि मंडळी श्वास रोखतात. भिंतीच्या पलीकडे आमचा मेन बोर्ड आहे. इन्व्हर्टर सुरू झाला की अजून जोरात लागतो. खिशातला मोबाईलही त्याला नाचवतो.

लेझरचा थर्मामीटर : पिस्तुलासारखा दिसतो. तो हवेचं तापमान मोजत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं मोजतो. दोन हात रुंदीच्या दगडी भिंतीचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा गार निघणारच. खोलीच्या मध्यावर 'थंड आत्मा' मोजला असं म्हणणाऱ्याने खरं तर समोरची भिंत मोजलेली असते. गारवा वाटला तर उदबत्ती लावा आणि धूर कुठे वळतो पाहा. मागचा जिना चिमणीसारखा हवा ओढतो, हे दोन रुपयांत कळतं.

स्पिरिट बॉक्स : रेडिओची स्टेशनं भराभर बदलत राहणारा डबा. मधूनमधून सुटे शब्द येतात, ते म्हणे आत्म्याचे. एका ग्रुपने संध्याकाळीच चालू करून पाहिला. आकाशवाणी जळगाव इथे खणखणीत लागतं. आत्मा आधी काहीतरी पुटपुटला, मग स्पष्ट म्हणाला, "बोंडअळी". सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, खरंय, गेल्या साली फार त्रास झाला.

रेकॉर्डर : शांत खोलीत रेकॉर्डर ठेवून नंतर त्यात आवाज शोधायचे, ही पद्धत कॉन्स्टंटिन राउदिव्ह या लाटव्हियन माणसाने गाजवली. त्याच्या रेकॉर्डिंगमधले 'आत्मे' एकाच वाक्यात दोन-तीन भाषांचे शब्द मिसळून बोलत. खरखरीतून शब्द जुळवणं ही कानाची आणि मेंदूची सवयच आहे; ढगात घोडा दिसतो, तसंच. वापरायचाच असेल तर एक पथ्य पाळा : कुणी काय ऐकलं ते मोठ्याने सांगू नका. प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहा आणि मग कागद जोडून बघा. आमच्याकडे एकदा पाच जणांनी असं केलं. निघालं ते : "सोडा", "ओढा", "जोडा", "आजोबा" आणि एक कागद कोरा.

काड्यांची माणसं दाखवणारा कॅमेरा : हा मुळात व्हिडिओ गेममध्ये माणसाची हालचाल ओळखायला बनवलेल्या यंत्रणेवर चालतो. माणूस शोधणं हेच त्याचं काम, त्यामुळे खुंटीवरचा टॉवेलही त्याला माणूस वाटतो.

फोटोत पांढरे गोळे येतात, ते काय?

धूळ, किडे आणि कापसाची तूस. लेन्सला लागूनच फ्लॅश असला की जवळचा कण उजळतो आणि फोकसबाहेर असल्यामुळे गोल, धूसर दिसतो. दिवाळीच्या आसपास कपाशीची वेचणी चालू असते. तेव्हा आमच्याकडे गोळ्यांचा नुसता सुकाळ. खात्री करायची तर आधी सतरंजी झटका आणि मग फोटो काढा.

रात्री आवाज कसले येतात?

या प्रश्नाला मी खरा माहीतगार आहे, म्हणून जरा सविस्तर.

छपरापासून सुरू करतो. खानदेशचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बंगल्याचे सागवानी वासे आणि मागच्या पडवीचे पत्रे दिवसभर तापतात, फुगतात. रात्री अकरानंतर उतरायला लागतात. तेव्हा वाशातून 'कट्' असा सांधा मोडल्यासारखा आवाज येतो आणि पत्रे टण्णकन वाजतात. एकामागून एक वाजले की वर कुणी चालतंय असंच वाटतं. पावलं जिन्याकडे जातात, असं सगळे सांगतात. कारण पडवीचा पत्रा त्या बाजूने आधी गार होतो.

नंतर जिवंत मंडळी. कोठीच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे. घुबड घुमतं अशी तुमची समजूत असेल तर हे ऐका : गव्हाणी घुबड किंचाळतं, फिसकारतं, आणि पांढुरकं असतं. उडताना पंखांचा आवाज शून्य. अंधारात डोक्यावरून पांढरं काहीतरी निःशब्द जातं आणि पलीकडे जाऊन बाईसारखं किंचाळतं, याला काय म्हणाल? छपरावरून धडधडत पळणारं उदमांजर आहे. उंदरांचं रखवालदार बाबांनी सांगितलंच आहे. त्यांची चाल पाहायची तर जुनी युक्ती करा : झोपताना जमिनीवर दादर ज्वारीचं पीठ हलक्या हाताने पसरा. सकाळी चिमुकल्या बोटांचे ठसे आणि मधून शेपटीची रेघ. माझ्या पुतण्याने तो फोटो फ्रेम करून सात नंबरच्या बाहेर लावलाय, खाली लिहिलंय 'सूनबाई'.

आणि पैंजण. हे मात्र आम्हालाही बरेच दिवस उलगडत नव्हतं. सात नंबरमध्ये रात्री छुन-छुन असा बारीक आवाज खरोखर येतो. गेल्या हिवाळ्यात पुण्याचे दोन इंजिनिअर, पुतण्या आणि मी असे चौघे बसलो होतो. दिवे बंद, खाली चटई, गुडघ्यावर घोंगडी. तीनला दहा कमी असताना सुरू झालं. आधी इतकं हळू की कुणी बोललं नाही. मग स्पष्ट. एका इंजिनिअरने माझं मनगट धरलं, त्याची नखं रुतलेली मला आठवतात. टॉर्च लावला, खोलीत आम्हीच. आवाज चालूच. पुतण्या उठला, कान लावत लावत भिंतीतल्या फडताळापर्यंत गेला आणि तिथे ठेवलेल्या आत्याआजीच्या तांब्याच्या हंड्यावर त्याने तळवा ठेवला. आवाज गप्प. उचलला, पुन्हा छुन-छुन. हंड्यावर पितळी झाकण, झाकणावर फुलपात्र उपडं. बंगल्यामागे केळीची बाग आणि बागेला लागून सुरत-जळगावचा रूळ. मालगाडी गेली की जमिनीतून येणारी थरथर आम्हाला कळतही नाही, पण फुलपात्राला कळते. दाखल्यासाठी पुढचे पाच दिवस वेळा लिहून काढल्या. पैंजण रेल्वेच्या हिशेबाने वाजतात, आणि रेल्वेसारखेच रोज वेगळ्या वेळेला.

फुलपात्र उतरवून ठेवलं तर दोन पाहुण्यांनी तक्रार केली की काहीच झालं नाही. म्हणून परत ठेवलंय. आता हे वाचून मजा गेली म्हणाल, तर गेली.

सात नंबरमध्ये शिरताच छाती जड होते, असं खूप जण सांगतात. ते सगळे खोटं बोलतात?

मुळीच नाही. जड होतेच. आम्ही एकदा एक आगाऊपणा केला : तीन नंबर आणि सात नंबरच्या पाट्या आपसात बदलल्या. जळगावचा एक ग्रुप आला. तीन नंबरमध्ये, पाटीवर सात वाचून, दोघींना गुदमरल्यासारखं झालं आणि एकाला कोपऱ्यात कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. खऱ्या सात नंबरमध्ये बाकीचे ढाराढूर झोपले. सकाळी पोह्यांवर सांगितलं, तर एक जण हसून लोळला आणि एक बाई अजून माझ्याशी बोलत नाही. त्यांचा राग रास्त आहे, न सांगता करायला नको होतं. पण तुम्ही शोधाला येणार असाल तर हे आपखुशीने करा : जिची काही गोष्ट नाही अशी एक खोलीही तेवढाच वेळ तपासा आणि कुठली कुठली ते निम्म्या लोकांना कळू देऊ नका.

रिचर्ड वाइजमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने असंच काम मोठ्या प्रमाणात केलं. लंडनजवळचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा आणि एडिंबरोची तळघरं, दोन्ही 'झपाटलेली'. तिथे सामान्य लोकांना फिरवून कुठे काय जाणवलं ते लिहून घेतलं. ते निष्कर्ष २००३ साली छापून आले. ठरावीक जागांवरच लोकांना जास्त जाणवत होतं, म्हणजे अनुभव हवेतून येत नव्हता. पण त्या जागांचा प्रकाश, आकार, चुंबकीय चढउतार अशा गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. जागा माणसावर परिणाम करते, हे कुणीही मान्य करेल. उंच छत, एकच झरोका, दार आपोआप लागतं, आणि वरून गोष्ट ऐकलेली. माझीही छाती जड होईल.

१९ हर्ट्झच्या आवाजाने भुतं दिसतात हे खरं का?

ही गोष्ट विक टँडी नावाच्या इंग्लिश अभियंत्याची. एका प्रयोगशाळेत काम करताना त्याला बेचैन वाटायचं, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसायची. एकदा तलवारबाजीचं पातं शिकंज्यात अडकवलं, तर ते आपोआप थरथरू लागलं. शोध घेतला तर नव्या पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झची, कानाला न कळणारी लहर खोलीत उभी होती. पंख्यात दुरुस्ती केली, भूत गेलं. १९९८ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. गोष्ट झकास आहे, पण पुढे लोकांनी तिचं फार भांडवल केलं. प्रत्येक जुन्या घराला ती लागू करू नका. आमच्याकडे तर उंदीर आणि मालगाडी यांच्यातच निकाल लागतो.

झोपेत कुणीतरी छातीवर बसलं, हलता येईना. ही खोली बाधते का?

हे तुम्हाला घरीही होऊ शकतं. स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खाटेवरून पडलो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू नंतर सुटतात. त्या काही सेकंदांत किंवा एक-दोन मिनिटांत डोळे उघडे, अंग लाकूड, आणि खोलीत कुणीतरी असल्याची पक्की खात्री. उताणं झोपलं, जागरण झालं, प्रवासाने शिणलं की शक्यता वाढते. आणि भूत शोधायला येणारा माणूस हे तिन्ही करतो. कुशीवर झोपा.

थंडीत खोलीत शेगडी ठेवू का?

नाही. हा या पानावरचा सगळ्यात कडक नियम आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा दहाच्या खालीही उतरतो आणि लोक कोळशाची शेगडी मागतात. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, भास होतात, मग माणूस उठतच नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापली होती : पावलांचे आवाज, अंगावर दडपण, खोलीत अनोळखी माणसं. बिघाड त्यांच्या भट्टीत होता. घरातला वायू हटला, भुतं हटली. जास्तीची रजई मागा, देतो.

मांत्रिक किंवा भगत घेऊन आलो तर? प्लँचेट?

मांत्रिक फाटकाच्या बाहेर. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, कोंडून ठेवणं, मंत्राने भूत बोलावण्याची धमकी देऊन लोकांना घाबरवणं, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. भुताच्या गप्पा मारायला कुणी अडवत नाही.

हसण्यावारी नेऊ नका म्हणून एक सांगतो. आपल्याच खानदेशात, वर सातपुड्याच्या पट्ट्यात, बाईला 'डाकीण' ठरवतात. गावात पोर दगावलं, गुरं मेली, की बोट एखाद्या एकट्या, बहुतेक वेळा विधवा बाईकडे जातं, आणि मग मारहाण, गावाबाहेर काढणं. शहरातल्यांसाठी जी शनिवारची मौज आहे, तिचं तिकडचं रूप हे आहे. त्यामुळे व्हिडिओत कुणाही जिवंत किंवा गेलेल्या बाईला 'चेटकीण', 'डाकीण' म्हणायचं नाही. मग पाहुणा कितीही मोठा असो.

प्लँचेट खेळा हवं तर. वाटी सरकते ती बोटांच्या नकळत होणाऱ्या दाबाने. मायकेल फॅरेडेने १८५३ साली टेबल सरकण्याच्या खेळावर प्रयोग करून हेच दाखवलं होतं. खात्री करायची तर सगळ्यांचे डोळे बांधा, अक्षरांचा कागद फिरवून ठेवा आणि मग आत्म्याला स्वतःचं नाव विचारा.

मोठ्या हॉटेलांतही अशा गोष्टी असतात का?

भरपूर, आणि त्यांचा धंदा आमच्याहून बरा. कोट्याच्या ब्रिजराज भवनात १८५७ साली मेजर बर्टन आणि त्यांची दोन मुलं मारली गेली. आता तिथे हॉटेल आहे आणि डुलकी घेणाऱ्या पहारेकऱ्याला साहेब चापट मारतो म्हणतात. आमच्या रखवालदार बाबांना ही गोष्ट फार आवडली नाही. मसुरीच्या सॅव्हॉयमध्ये १९११ साली एक इंग्लिश बाई विषप्रयोगाने मेली, आणि गंमत म्हणजे ती स्वतःच आत्मे बोलावणाऱ्यांपैकी होती. अमेरिकेत कोलोरॅडोतलं स्टॅन्ली हॉटेल १९०९ चं. १९११ साली तिथे गॅसचा स्फोट झाला आणि ती २१७ नंबरची खोली आज सगळ्यात आधी भरते.

जवळपास अजून कुठे जाता येईल?

जा, पण दिवसा. संरक्षित वास्तूंत सहसा सूर्यास्तानंतर प्रवेश नसतो. राजस्थानातल्या भानगडच्या फाटकावर जो फलक आहे, ज्याचे फोटो 'सरकारनेच भूत मान्य केलं' म्हणून फिरतात, त्यातही सूर्यास्त ते सूर्योदय प्रवेश बंद एवढंच आहे, भुताचा उल्लेख नाही.

शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, त्यांच्या कबरी तिथे आहेत. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या फौजेने किल्ला घेतला, शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिली. उभं राहून खाली तापीकडे बघितलं की कुठलंही मीटर लागत नाही. पारोळ्याचा किल्ला भर गावात आहे. धरणगावातही कधीकाळी भिल्ल पलटणीचं ठाणं होतं, जेम्स आउट्रमने १८२५ साली उभारलेलं.

आणि भुसावळला जाणार असाल तर जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल आहे. अजिंठ्याच्या लेण्यांच्या नकला काढण्यात आयुष्य घालवलं. लंडनला पाठवलेली बहुतेक चित्रं १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. माणूस परत आला, पुन्हा काढायला लागला, आणि १८७९ साली भुसावळच्या वाटेवर गेला. त्याची प्रेयसी पारो, तिची कबर तिकडे अजिंठा गावात, १८५६ ची. या दोघांत किती कोस अंतर आहे ते गाडी चालवताना कळतं.

पुरावा मिळाला तर बक्षीस आहे का?

आमच्याकडे एक वेळचं जेवण. श्रीलंकेत राहणाऱ्या डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपये जाहीर केले होते. अमेरिकेत जेम्स रँडीने दहा लाख डॉलरपर्यंत बोली नेली आणि २०१५ मध्ये ते आव्हान बंद झालं. दोघांचेही पैसे वाचले.

लहान मुलं आणली तर चालतील?

बारा वर्षांच्या आतली नकोत. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, फिट येतात, त्यांनीही गच्चीवर चांदणं बघावं, ते जास्त छान असतं.

जेवणाचं काय?

रात्री आठला. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. हिवाळ्यात वांग्याचं भरीत. खापरावरची पुरणपोळी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा. शेवभाजी तिखट लागली तर सकाळी खोलीला दोष देऊ नका.

व्हिडिओ टाकता येईल का?

येईल. गावाचं नाव, आमच्या घरातल्या कुणाचंही नाव किंवा फोटो नको, खून-कोंडणं असलं काही नको. आणि ज्या आवाजाचं कारण सापडलं, तेही त्याच व्हिडिओत दाखवायचं. ही अट ऐकून दहातले सात फोन ठेवतात.

तुम्हालाही न उलगडलेलं असं काही आहे?

एक आहे. आमचा कुत्रा मागच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबतो. वर येत नाही, भुंकत नाही, शेपूट हलवतो आणि परत फिरतो. आधीचा कुत्राही तिथेच थांबायचा. पायरी काढून बघितली, खाली उंदराचं बीळ नाही, तार नाही, काही नाही. आत्याआजी दुपारी त्या पायरीवर बसून गव्हातले खडे निवडायची आणि कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकायची. पण ती गेली तेव्हा यातला एकही कुत्रा जन्माला आलेला नव्हता. आलात तर बघा, काही सुचलं तर सांगा.

आखाजीला सात नंबर मिळेल का?

नाही. वर्षातून तो एक दिवस ती खोली कुणालाही देत नाही. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, बाजूला आंबे आणि सांजोऱ्या. आजोबांची, पणजोबांची घागर देवघरात असते. आत्याआजीची सात नंबरमध्ये, फडताळासमोर. बायको चुलीवर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकते, पुरणपोळी आणि आमरसाचं पान वाढून ठेवते, आणि दार लोटून आम्ही सगळे खाली येतो. माहेरवाशिणी आलेल्या असतात, लिंबाला झोके बांधलेले असतात, अंगणात गाणी चालू असतात. त्या दिवशी पाहुणे म्हणून आलात तर पंगतीला बसा, पैसे घेणार नाही. वर मात्र जायचं नाही, आणि मालगाडी गेली की कुणी वर बघत नाही.